आठवी ओटी

सावंतवाडीच्या एका कॉलेजात मी गेली पंचवीस वर्षं लोकसाहित्य शिकवते. त्यात पऱ्यांचं प्रकरण माझ्या गळ्यात असतं, कारण विभागात दुसऱ्या कुणाला ते नको असतं. मुलगे हसतात, मुली वहीच्या मागच्या पानावर पंख काढत बसतात. मी फळ्यावर लिहिते: अप्सरा, यक्षिणी, आसरा, परी. अप्सरा पाण्याच्या, त्यांच्या नावातच पाणी आहे. परी फारसीतून आली, येताना पंख घेऊन आली. विलायतेतल्या पऱ्या आधी माणसाएवढ्या होत्या आणि वाईट होत्या. लोक त्यांचं नाव घ्यायला घाबरत, नुसतं ‘भली माणसं’ म्हणत. पुढे पुस्तकवाल्यांनी त्यांना बोटाएवढं करून फुलात नेऊन बसवलं. एवढं मी झोपेतही सांगू शकते. मग एक मुद्दा येतो आणि तो दर वर्षी मी फळ्याकडे तोंड करून सांगते. जगात जिथे जिथे पऱ्या आहेत तिथे तिथे त्या मुलं नेतात.

का नेतात, असं एखादी मुलगी विचारतेच. मी सांगते, की ज्यांचं मूल सापडत नाही त्यांना धरायला काहीतरी लागतं. मेलं म्हणण्यापेक्षा नेलं म्हणवतं. मुली लिहून घेतात. परीक्षेला पाच मार्कांना येतं.

माझ्या धाकट्या बहिणीला तळ्यातल्या बायांनी नेलं, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मी सांगितलं. खोटं सांगितलं. मी नऊ वर्षांची होते, ती सहा वर्षांची. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा एखाद्या गोष्टीच्या आड जाऊन बसेन. मला ती सवय आहे.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. वरच्या अंगाला देवळामागे तळं, खालच्या अंगाला खाडी. तळ्यात सात बायो राहतात. पुस्तकात त्यांना साती आसरा म्हणतात, गावात नुसतं बायो. हिरवी लुगडी, मोकळे केस, भर दुपारी पायऱ्यांवर बसून केस विंचरतात. आई सांगायची, की पूर्वी त्या लग्नाकार्याला भांडी द्यायच्या. आदल्या दिवशी काठावर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, इतके टोप, इतकी पातेली, इतक्या पळ्या. सकाळी सगळं लख्ख घासून पायरीवर मांडलेलं असायचं. मग एका घराने एक पळी ठेवून घेतली आणि भांडी बंद झाली. कुठल्या घराने, ते विचाराल तर प्रत्येक घर दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आईचं बोट नेमकं समोरच्या घराकडे जायचं, कारण तिथल्या काकूंशी तिचं कुंपणावरून वाजलेलं होतं.

पण आईचा खरा रोख पळीवर नव्हता. तळं खोल, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि ती दिवसभर काजूच्या बागेत. दुपारच्या वेळी जे मूल तळ्यावर जाईल त्याला बायो नेतील, हे तिने आमच्या डोक्यात असं काही बसवलं होतं की आम्ही पायऱ्यांकडे फिरकत नव्हतो. खाडीची मात्र तिने कुठलीच गोष्ट सांगितलेली नव्हती. तिचं माहेर फोंडाघाटाकडचं, डोंगरातलं. खाडीला भ्यायचं असतं हे तेव्हा तिलाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मालवणीत लहान मुलीला ‘ती’ म्हणत नाहीत. चेडू नपुंसकलिंगी. ता इला, ता जेवला, ता झोपला. लग्न होऊन गेली की मग ती ‘ती’ होते. शहरातले लोक याला हसतात. हसू देत. माझी बहीण ‘ता’ होती.

शिमगा होऊन गेला होता. शाळा सकाळची होती, वडील गवंडीकामावर, आई बागेत काजूच्या बिया गोळा करायला. जाताना मला सांगून गेली, की तेका बघ. मला तिसऱ्या हव्या होत्या. सुकती असली, म्हणजे ओहोटी, की खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि तिथे या शिंपल्या हाताने उकरून निघतात. संध्याकाळी आई तिसऱ्यांचं सुकं करील आणि माझं कौतुक करील, एवढंच माझ्या डोक्यात. धाकटीला न्यायचं नव्हतं, पण ती परकराला धरून मागेच लागली. जाताना काठ आणि पट्टा यांच्या मधल्या घळीत पाणी घोट्याएवढं होतं.

टोपली भरेपर्यंत मी मान वर केली नाही. वर केली तेव्हा घळीत पाणी चढायला लागलं होतं. मी तिला म्हटलं, तू इथेच उभी राहा, मी टोपली पलीकडे ठेवून येते, मग तुला पाठीवर घेते. आधी टोपली. कितीही वेळा आठवलं तरी यात काही बदलत नाही. मी आधी टोपली नेली. परत वळले तर पाणी माझ्या छातीला लागलं. मला पोहता येत नव्हतं, मी मागे फिरले. तिला वाटलं, मी तिला टाकून चालले. ती पाण्यात उतरून चालत निघाली. पिवळा फ्रॉक फुगला, गोल फिरला, खाडीच्या आतल्या बाजूला सरकत गेला आणि कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांपाशी दिसेनासा झाला.

मी ओरडले नाही. पळाले. आई मारेल, एवढं एकच डोक्यात होतं, लाज वाटते सांगायला. घराची वाट तळ्यावरून जाते. समोरच्या घरच्या काकू धुणं घेऊन पायऱ्यांपाशी येत होत्या. मला भिजलेली बघून थांबल्या आणि विचारलं,

“ता खंय गेला?”

मी तळ्याकडे बोट केलं.

“बायांनी व्हेल्यानी.”

दोन शब्द. मी आयुष्यभर बोलून पोट भरते, पण त्या दोन शब्दांइतकं माझं बोलणं पुन्हा कुणी खरं मानलेलं नाही.

अर्ध्या तासात सगळा गाव तळ्यावर. वडील कामावरून धावत आले ते कपड्यांसकट पाण्यात. बांबू आले, दोर आले, आचऱ्याहून पोहणारे आले. आणि खाली खाडीत भरती चढत होती, चढली, मग उतरली, आणि तिकडे एक माणूस गेला नाही. मला कुणीतरी चादर गुंडाळून काठावर बसवलं होतं. परकर वाळून त्यावर मिठाचे पांढरे वळ उठले होते. कुणी बघितले नाहीत. सगळे पाण्याकडे बघत होते, चुकीच्या पाण्याकडे. संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर. दुसऱ्या दिवशी तरी. तिसऱ्या दिवशी बापाचे डोळे बुड्या मारून मारून लाल झालेले बघून तरी. नाही उघडलं. जेवढा उशीर होत गेला तेवढं ते उघडणं जड होत गेलं.

तिसऱ्या दिवशी जाणत्या माणसांनी निकाल दिला. बुडालं असतं तर वर आलं असतं. वर आलं नाही, म्हणजे मोठं चेडू सांगतं ते खरं. न सापडणं हाच पुरावा ठरला. लोककथा अशी पक्की होते, असं मी आता वर्गात सांगते. काय तरी शहाणपण.

आई पंधरा दिवस काही खात नव्हती. मग एक दिवस उठली, आंघोळ केली आणि तळ्यावर ओटी भरायला गेली. सात बायांच्या सात ओट्या: हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या. हा रिवाज सगळ्या गावाचा. पण आईने आठवी ओटी बांधली, लहान, आणि तिच्यात तेवढ्याच लहान बांगड्या. खणात एक दगड ठेवला, घट्ट गाठ मारली आणि मधोमध खोल पाण्यात टाकली. घरी येऊन जेवली. वडिलांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, हे तर मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

दर वर्षी शिमग्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आठ ओट्या. बांगड्या आचऱ्याच्या बाजारातून यायच्या. तिथे एक मुसलमान म्हातारी बसायची, सगळे तिला चाची म्हणत. पहिल्या वर्षी तिने विचारलं, हात केवढा? आईने अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. पुढे दर वर्षी आईची बोटं थोडी थोडी लांब होत गेली. चाची कधी म्हणाली नाही, की बाई, कुणाच्या हातात घालतेस या. तिच्या लोकांतही परी मूल नेते. फक्त त्यांची परी डोंगरापलीकडे राहते, आमची तळ्यात. एवढ्यावर त्या दोघींचं जमलं होतं.

ज्या वर्षी बहीण एकवीस वर्षांची झाली असती, त्या वर्षी मी आईबरोबर बाजारात होते. आई म्हणाली, औंदा तिका दोन-चार लागतली. दोन-चार म्हणजे बांगडीचं बाईमाणसाचं माप. मी मापाने दचकले नाही, ‘तिका’ने दचकले. तेका नाही, तिका. चाचीने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि अख्खा हिरवा चुडा काढून दिला, नवरीचा. माझ्या बहिणीचं लग्न असं झालं, बाजारात, दोन बायकांमध्ये, मी पिशवी धरून उभी होते. माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. आईने आधी धाकटीचं उरकलं होतं. आणखी काही वर्षांनी ती दोन-सहावर गेली. बाळंतपणं झाली की हात भरतोच, असं आई सहज म्हणाली.

विलायतेतल्या गोष्टींत परी खरं मूल नेते आणि त्याच्या जागी एक खोटं मूल ठेवून जाते. ते जेवतं, वाढतं, शाळेत जातं, पण त्याच्यात काहीतरी चुकलेलं असतं आणि आईला ते उमगत नाही. हा भाग मी वर्गात शिकवत नाही. वेळ नाही म्हणून पुढे जाते. त्या घरात ठेवलेलं खोटं मूल मी आहे, हे मी फळ्यासमोर उभी राहून कुठल्या तोंडाने सांगू?

सांगायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, तळ्याचं पाणी फार थंड असतं, आत ता काकडत असेल. मी तोंड मिटलं. मागच्या वर्षी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी तिने माझा हात धरला आणि शपथ घ्यायला लावली, की तिचं काही बरंवाईट झालं तर आठवी ओटी मी भरायची, चुकवायची नाही. मी शपथ घेतली. नको काय म्हणणार होते, त्या हिरव्या कपड्यांत तिला पडलेली बघून?

मग या वैशाखात तिचा फोन आला. आई फोनवर नेहमी आधी पावसाचं बोलते, मग गुडघ्यांचं. या वेळी काहीच नाही.

“तळा उपसतले. तिचा घर मोडतले गो,” ती म्हणाली. “तू शिकलेली मा? थांबव.”

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने गेले. ग्रामपंचायतीत लोक ओळखीचे, पण तिथे खुर्चीवर बसलं की सगळेच पुस्तकी मराठी बोलतात, मीसुद्धा. गाळ काढण्याचं काम मंजूर झालेलं, मशीन आलेलं, विहिरींना पाणी येणार म्हणून गाव खूश. मी अर्ज लिहायला बसले आणि कारणापाशी अडले. काय लिहू? लोकश्रद्धेला बाधा, असं लिहिलं. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगते, की बायो म्हणजे माणसाच्या भीतीला दिलेलं लुगडं आहे, आणि इथे मी त्यांच्या वतीने सही करत होते. सरपंच भला माणूस. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की देवीपुढे गाऱ्हाणं घातलंय, कौल लावला, कौल उजवा पडला. बायांनाच चालणार असेल तर तुमची हरकत कशी घ्यायची, मॅडम? मी हातापाया पडायचीच बाकी होते. तसं करूनही पाहिलं असतं, पण बाहेर आई पायरीवर बसलेली दिसत होती.

दोन दिवस पंपाने पाणी काढलं. आई छत्री घेऊन काठावरच्या ओवळीच्या झाडाखाली बसून. शेजारपाजारच्या बाया चहा आणून द्यायच्या, तो निवून जायचा. तिने ऑपरेशनच्या गोळ्या घ्यायच्या बंद केल्या, मी ओरडले, हात जोडले, काही उपयोग नाही. तिला भीती होती, की मशीनच्या लोखंडी दातात लेक सापडेल. मग थोड्या वेळाने म्हणायची, सापडूक नाय तर बरा, म्हणजे त्या अगोदरच उठून दुसऱ्या तळ्यात गेल्या असतल्या, तिका घेवन. मग पुन्हा म्हणायची, पण जाताना माका सांगल्याशिवाय कशी गेली? असं दिवसभर. मी शेजारी बसून ऐकत होते. तळ्यात काय नाही ते जगात एकट्या मला माहीत होतं. आता सांगितलं तर तिचं हृदय बसेल, नाही सांगितलं तर ती अशीच काठावर बसून मरेल. देवा, तळ्याला पुन्हा पाणी भर, असंही मी म्हणून पाहिलं. चाळिशी लावून प्रबंध तपासणारी बाई मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन आत उतरलं. वरचा थर प्लास्टिकचा, नारळाच्या करवंट्यांचा. मग काळा गाळ. दहाच्या सुमारास एका खेपेला पंजा वर आला आणि गाळात काहीतरी चमकलं. मशीन चालवणारा घाटावरचा, त्याला वाटलं सोनं. तो खाली उडी मारून आला, हात घातला आणि बांगड्या वर आल्या. हिरव्या, काचेच्या, गाळातही हिरव्यागार.

आई कुणाचं न ऐकता उतरली. पायऱ्यांवरून बसत बसत, मी मागे. गाळात गुडघाभर रुतून तिने ते सगळं ओंजळीने चाचपलं. जुन्या ओट्यांचे खण कुजून गेले होते, नुसत्या बांगड्या आणि दगड एकाजागी बसलेले. अलीकडचे खण नायलॉनचे. ते जसेच्या तसे होते. चुड्याच्या वर्षीचा खण तिने ओळखला, त्याला जरीची कड होती. गाठ तिने मारली होती तशीच होती. तिने ती नखाने सोडली. आत चुडा, पूर्ण, एकही बांगडी कमी नाही. मग दुसरी गाठ सोडली. मग तिसरी. बायांच्या सात ओट्याही तशाच पडलेल्या होत्या, पण त्यांच्याकडे तिने बघितलंच नाही.

“त्यांची ऱ्हवांदे. त्यांका काय कमी आसा?” ती म्हणाली. “पण तेना एकय घालूक नाय.”

तेना. अठ्ठावीस वर्षांनी ती पुन्हा ‘ता’वर आली होती. चुडा भरून सासरी पाठवलेली लेक तिच्या तोंडात एका क्षणात पुन्हा सहा वर्षांची झाली.

काठावर माणसं जमली होती. चालवणाऱ्याने मशीन बंद केलं. आईने गाळाने भरलेलं तोंड माझ्याकडे वळवलं आणि विचारलं,

“मगे ता खंय आसा?”

त्याच जागी, त्याच पायऱ्यांपाशी, तोच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. या वेळी तळ्यात बोट दाखवायला पाणी नव्हतं.

“आये, आमी त्या दिसा तळ्यार येवकच नाय,” मी म्हटलं. “खाडयेर गेलंव, तिसऱ्यांका. तू मारशीत म्हणान मी खोटा सांगलंय.”

मी सगळं सांगितलं. टोपली आधी नेली तेही सांगितलं. पिवळा फ्रॉक सांगितला, कांदळ सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, हातातल्या कुठल्याशा बांगडीवरचा गाळ बोटाने पुसत होते. काठावरच्या कुणी किती ऐकलं कोण जाणे. समोरच्या घरच्या काकू, आता ऐंशीच्या, तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला.

मला वाटलं आई मारेल. मारावं, असं मला इतकं वाटत होतं की मी मान खाली घालून थांबले होते. नऊ वर्षांच्या वयात जो मार चुकवला तो मला बावन्नाव्या वर्षी हवा होता. तिने मारलं नाही. मग तिने एवढंच विचारलं,

“भरती होती काय सुकती?”

डोंगरातून आलेली बाई. खाडीकाठी इतकी वर्षं काढून, काय विचारायचं असतं ते तिला आता बरोबर कळत होतं. सुकती असती तर पाण्याने तिला समुद्रात नेलं असतं, कुणाच्या हाती लागली नसती, आणि माझ्या खोट्याने फारसं काही बिघडलं नसतं. सुकती म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. एवढं बोलून झाल्यावरसुद्धा तो शब्द जिभेवर आला होता, हे मी लिहून ठेवते.

“भरती,” मी म्हटलं.

आईने मान हलवली. भरतीचं पाणी आत येतं. म्हणजे त्या दिवशी, आणि कदाचित दुसऱ्या दिवशीही, तिचं पोर खाडीच्या आतच होतं, कांदळाच्या मुळांत, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि अख्खा गाव या तळ्यात बांबू घालत होता. मी तिच्या तोंडावर ते एक एक करून उमटताना बघितलं. नवऱ्याचे लाल डोळे तिला आठवले असतील. मला तरी तेच आठवत होते.

मग ती तिथेच गाळात बसली आणि बांगड्या निवडायला लागली. तांदूळ निवडते तशा, झरझर. दोन-सहाच्या सगळ्या एका बाजूला सारल्या. दोन-चारच्या सारल्या. चुडा उचलला, क्षणभर धरला आणि त्याच ढिगावर ठेवला. शाळेच्या वयाच्या, दहा वर्षांच्या, आठ वर्षांच्या, सगळ्या बाजूला. तळाशी हात घालून घालून तिने सगळ्यात खालच्या, पहिल्या वर्षीच्या दोन बांगड्या शोधून काढल्या. माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली मागितली, त्या धुतल्या, पदराला पुसल्या आणि अंगठा नि बोट जोडून त्यांचं माप पुन्हा एकदा पाहिलं.

“तेका ह्याच होतल्या,” ती म्हणाली.

बाकीच्या तिने तशाच टाकल्या. मला हात द्यायला सांगून उठली, पायऱ्या चढली आणि घराकडे न वळता खाडीच्या वाटेला लागली.